मागे पडणाऱ्या घड्याळाचे गणित

शाळेच्या भिंतीवरचे एक घड्याळ दर तासाला पाच मिनिटे मागे पडते. सकाळी सहा वाजता ते बरोबर लावले. संध्याकाळी त्या घड्याळात सहा वाजले, तेव्हा खरे किती वाजले असतील?

मित्रहो, कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या. नसेल तर जमिनीवर काडीने आकडे मांडा. पण पुढचे वाचण्याआधी उत्तर काढा. बहुतेक जण चटकन सांगतात : बारा तास झाले, तासाला पाच मिनिटे, म्हणजे साठ मिनिटे, तेव्हा खरे सात वाजले. उत्तर इतके सरळ आहे की त्याचा संशयच येत नाही. पण खरे सात वाजून पाच मिनिटे आणि वर सुमारे सत्तावीस सेकंद झालेले असतात. ही जवळजवळ साडेपाच मिनिटे गेली कुठे?

ती गेली ‘तास’ या शब्दात. दर तासाला पाच मिनिटे म्हटले, पण हा तास कोणाचा? खऱ्या घड्याळाचा. म्हणजे खरी ६० मिनिटे जातात तेव्हा आपले आळशी घड्याळ ५५ मिनिटेच चालते. आणि बारा तास झाले म्हटले, ते कोणाच्या हिशेबाने? आळशी घड्याळाच्या! वजन किलोने करावे आणि भाव शेराचा लावावा, तसा हा प्रकार झाला. दोन खाती आहेत आणि आपण एकातला आकडा उचलून दुसऱ्यातल्या दराने गुणला.

यावर उपाय सोपा आहे. पाटीवर मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे लिहा ‘या घड्याळाचा वेळ’, उजवीकडे लिहा ‘खरा वेळ’. पहिल्या ओळीत डावीकडे ५५, उजवीकडे ६०. दुसऱ्या ओळीत आपल्याला काय ठाऊक आहे? घड्याळात बारा तास गेले, म्हणजे डावीकडे ७२०. उजवीकडे काय येईल ते त्रैराशिकाने काढा. ७२० ला ६० ने गुणून ५५ ने भागा. ७८५ मिनिटे आणि थोडे अधिक, म्हणजे १३ तास ५ मिनिटे २७ सेकंद. झाले उत्तर.

आता हेच उदाहरण उलटे घाला. खरे संध्याकाळचे सहा वाजले तेव्हा त्या घड्याळात किती वाजले असतील? आता ७२० हा आकडा उजव्या बाजूला बसतो आणि उत्तर येते ६६० मिनिटे, म्हणजे बरोबर पाच. येथे मात्र ती सरळ वजाबाकी बरोबर ठरते. आकडे तेच, शब्द जवळजवळ तेच; बाजू तेवढी बदलली. शिक्षकबंधूंनी ही दोन्ही उदाहरणे वर्गात एकापाठोपाठ द्यावीत. एकटे दिले तर मुले रीत पाठ करतात. जोडीने दिले की विचार करू लागतात. ‘दर तासाला’ एवढेच लिहून मोकळे होणारी उदाहरणे पुस्तकांतून पुष्कळ असतात. कोणाच्या तासाला, हा प्रश्न मुलाने उठून विचारला तर त्याला गप्प बसवू नये. त्याला निम्मे उत्तर आलेलेच आहे.

आणखी एक भेद येथेच पक्का करून घेऊ. घड्याळाच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या असतात. एक त्याची चूक, दुसरी त्याची चाल. चूक म्हणजे या घटकेला ते किती पुढे किंवा मागे आहे. चाल म्हणजे ती चूक दिवसागणिक किती वाढते. पुष्कळांच्या घरी घड्याळ मुद्दाम दहा मिनिटे पुढे ठेवलेले असते, एस. टी. चुकू नये म्हणून. त्या घड्याळात चूक आहे, पण चालीत काही बिघाड नाही. मुंबईकरांनी तर हा प्रकार शहरभर करून पाहिला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईत जुना ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत वापरात राहिला. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होता. गैरसोय होत असे खरी. पण हिशेबाला अडचण काहीच नव्हती. आज ३९, उद्याही ३९, वर्षानेही ३९. दोन्ही घड्याळांची चाल एकच.

चाल वेगळी असली की मामला बदलतो. समजा, दोन घड्याळे आहेत. एक दिवसाला एक मिनिट पुढे पळते, दुसरे दिवसाला दोन मिनिटे मागे पडते. आज दुपारी बारा वाजता दोन्ही बरोबर लावली. ती दोन्ही पुन्हा एकच वेळ केव्हा दाखवतील? दोघांतले अंतर रोज तीन मिनिटांनी वाढते. घड्याळाच्या तबकडीवर बारा तासांचा फेरा असतो, म्हणून अंतर ७२० मिनिटे झाले की काटे पुन्हा जुळतात. ७२० भागिले ३, म्हणजे २४० दिवसांनी. पण तेव्हा दोघांत एकमत असले तरी वेळ खरी नसते! पहिले २४० मिनिटे पुढे, म्हणजे चार तास पुढे. दुसरे आठ तास मागे. आणि दोन्ही चार वाजल्याचे सांगत असतात, जेव्हा खरे बारा वाजलेले असतात. दोघे साक्षीदार एकच सांगतात म्हणून ते खरेच असते असे नाही. दोन्ही एकदम खरी वेळ दाखवतील ती ७२० दिवसांनी, जवळजवळ दोन वर्षांनी.

इंग्लंडातले गणिती लुईस कॅरॉल, ‘ॲलिस’ची गोष्ट लिहिणारे, यांनी यावरून एक गंमत केली होती. दिवसाला एक मिनिट मागे पडणारे घड्याळ सुमारे दोन वर्षांतून एकदाच बरोबर असते. बंद पडलेले घड्याळ मात्र दिवसातून दोनदा. मग चांगले कोणते? हसून सोडून देण्यासारखा प्रश्न आहे, पण त्याचे उत्तर आपल्याला आज हवे आहे. ते थोडे पुढे देतो.

वेगळ्या चालीची दोन घड्याळे वर्गात प्रत्यक्ष दाखवायची असतील तर खर्च शून्य. दोन दोऱ्या आणि दोन सारखे खडे घ्या. आढ्याला किंवा दाराच्या चौकटीला टांगा. टांगल्या जागेपासून खड्याच्या मध्यापर्यंत एक दोरी १०० सेंटिमीटर आणि दुसरी ८१ सेंटिमीटर ठेवा. दोन्ही खडे एकाच बाजूला थोडेसे ओढून एकदम सोडा. आरंभी ते जोडीने हलतात, मग हळूहळू फाटाफूट होते, अर्ध्यावर अगदी उलट सुलट जातात, आणि सुमारे अठरा सेकंदांनी पुन्हा जोडीने एका बाजूला येतात. तेवढ्यात लांब दोरीचे नऊ झोके झालेले असतात आणि आखूड दोरीचे दहा. १०० आणि ८१ हेच आकडे का? कारण १० चा वर्ग १०० आणि ९ चा वर्ग ८१. झोक्याचा वेळ दोरीच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. खडा जड की हलका, याला महत्त्व नाही; झोका लहान असला म्हणजे झाले.

लंबकाचे घड्याळ म्हणजे हाच दोरीचा खडा, मागे दातेरी चक्रे जोडलेला. असे पहिले घड्याळ हॉलंडच्या ख्रिश्चन हायगेन्सने १६५६ साली सिद्ध केले. सुमारे ९९ सेंटिमीटर लांबीचा लंबक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जायला एक सेकंद घेतो. त्याला सेकंदाचा लंबक म्हणतात. लंबक लांबला की घड्याळ मागे पडते, आखूड झाला की पुढे पळते. किती? यासाठी वर्गमुळे काढत बसण्याचे कारण नाही. शंभर हात बाजूच्या चौकोनी शेताची बाजू एक हाताने वाढवली तर क्षेत्रफळ दहा हजारांवरून दहा हजार दोनशे एक होते. बाजू शंभरात एक वाढली, क्षेत्र शंभरात दोन वाढले. उलट बाजूने पाहिले तर लांबी शंभरात दोन वाढली की झोक्याचा वेळ शंभरात एक वाढतो. थोड्या फरकासाठी हा ‘निम्म्याचा नियम’ पुरतो, आणि घड्याळातले फरक थोडेच असतात.

या निम्म्याच्या नियमावर एकदा मोठा वाद तोलला गेला, तो सांगतो. १६७२ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने जाँ रीशे या ज्योतिर्विदाला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर केयेन येथे मंगळाचे वेध घेण्यास पाठवले. केयेन विषुववृत्तापासून पाचच अंश उत्तरेला आहे. रीशेने बरोबर उत्तम लंबकाचे घड्याळ नेले होते, पॅरिसमध्ये नीट लावून घेतलेले. केयेनला ते रोज दोन-अडीच मिनिटे मागे पडू लागले. ताऱ्यांशी ताडून पाहिले, तरी तेच. शेवटी त्याने तेथे सेकंदाचा लंबक नव्याने मोजला. तो पॅरिसच्या लंबकापेक्षा सव्वा ‘लाइन’ आखूड भरला. लाइन हे त्या वेळचे फ्रेंच माप. सव्वा लाइन म्हणजे सुमारे २.८ मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याची निम्मी लांबीही नव्हे.

आपण ताळा पाहू. पॅरिसचा सेकंदाचा लंबक ९९४ मिलिमीटर. त्यात २.८ म्हणजे ३५५ वा हिस्सा. निम्म्याच्या नियमाने वेळात ७१० वा हिस्सा. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांना ७१० ने भागले की १२२ सेकंद, म्हणजे दोन मिनिटांवर दोन सेकंद. रीशेचे घड्याळ आणि रीशेची मोजपट्टी एकच गोष्ट सांगत होती.

पण का? एक शंका साहजिक होती. केयेन उष्ण मुलूख आहे. धातू उन्हाने लांबतो. तेव्हा लंबक लांबला असेल, दुसरे काय? शंका चांगली आहे, आणि तिचे उत्तर आकड्यांनीच द्यावे लागते. लोखंडाची सळई एक अंश सेल्सिअस तापली की दहा लाखांत सुमारे १२ भाग वाढते. ९९४ मिलिमीटरची सळई २.८ मिलिमीटर वाढायला किती अंश तापली पाहिजे? हिशेब केला की २३५ अंश येतात. उकळत्या पाण्यापेक्षाही कितीतरी अधिक. केयेन कितीही उष्ण असले तरी माणसे तेथे राहत होती! तेव्हा उष्णतेचा हात होता तो थोडा. बाकीचे कारण वेगळे शोधणे भाग होते.

ते न्यूटनने १६८७ साली आपल्या ‘प्रिन्सिपिया’त मांडले. उष्णतेने एवढा फरक पडणार नाही, हे त्यानेही तपासून पाहिले होते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्ताजवळ वस्तूचे वजन थोडे हलके भरते. शिवाय फिरण्यामुळे पृथ्वी मध्यावर फुगली आहे, तेव्हा तेथील माणूस पृथ्वीच्या मध्यापासून अधिक दूर आहे. दोन्ही कारणांनी ओढ कमी, म्हणून लंबक सावकाश. आज आपल्याला ठाऊक आहे की विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरांनी अधिक आहे. एका मागे पडणाऱ्या घड्याळाने पृथ्वी गोळ्यासारखी गोल नाही याची बातमी आणली. रीशेने ‘घड्याळ बिघडले’ म्हणून काटे सरकवून दिले असते तर?

उष्णतेचा हात थोडा म्हटला, पण घरच्या घड्याळाला तो थोडा नाही. पितळ लोखंडापेक्षा अधिक वाढते, अंशाला दहा लाखांत १९ भाग. नागपूरकडे पितळी दांड्याचे घड्याळ थंडीत २० अंशांच्या खोलीत बरोबर लावले आणि मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली, तर वीस अंशांनी लांबी दहा लाखांत ३८० भाग वाढते, झोक्याचा वेळ १९० भाग. दिवसाला १६ सेकंद, महिन्याला सुमारे आठ मिनिटे मागे. जुन्या चांगल्या घड्याळांत लंबकाचा दांडा लाकडी असे, तो उगाच नाही. लाकूड लांबीच्या बाजूने उष्णतेने फारच थोडे वाढते. पुढे १८९६ साली गियोम या शास्त्रज्ञाने लोखंड आणि निकेल यांची ‘इन्व्हार’ नावाची मिश्रधातू शोधली. ती पोलादाच्या जवळपास दहाव्या हिश्शानेच वाढते. या कामासाठी त्याला १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तुमच्या शाळेत किंवा घरी लंबकाचे घड्याळ अजून असेल तर गोळ्याखालचा लहान आटा पाहा. तो वर पिळला की गोळा वर चढतो. भिंतीवरच्या पुष्कळ घड्याळांचा लंबक अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे सुमारे २४८ मिलिमीटरचा असतो. घड्याळ दिवसाला दोन मिनिटे मागे पडत असेल तर ७२० वा हिस्सा झाला. लांबीत त्याच्या दुप्पट, म्हणजे ३६० वा हिस्सा हवा. २४८ भागिले ३६०, जेमतेम ०.७ मिलिमीटर. एवढाच गोळा वर घ्यायचा. लोक पाच-सहा वेढे पिळतात आणि मग घड्याळ पळायला लागले म्हणून कुरकुरतात. पिळण्याआधी भागाकार करावा, आणि पिळल्यावर निदान एक पूर्ण दिवस वाट पाहावी.

आता लुईस कॅरॉलच्या प्रश्नाकडे येऊ : चांगले घड्याळ कोणते? याचे खरे उत्तर समुद्रावर मिळाले, आणि ते मिळण्याआधी पुष्कळ माणसे बुडाली.

जहाज उत्तर-दक्षिण कोठे आहे ते सूर्यावरून, ध्रुवताऱ्यावरून कळते. पूर्व-पश्चिम, म्हणजे रेखांश, कळायला घड्याळ लागते. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. माझ्या जागी सूर्य माथ्यावर आला तेव्हा घरच्या बंदरात किती वाजले हे ठाऊक असेल तर मी घरापासून किती अंश दूर आहे ते निघते. पण घरची वेळ सांगणारे घड्याळ महिनोन्‌महिने हेलकावणाऱ्या जहाजावर नीट चालले पाहिजे, आणि लंबक तेथे निकामी. २२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री ॲडमिरल शॉव्हेलच्या आरमाराचा जागेचा अंदाज चुकला. इंग्लंडजवळच्या सिली बेटांच्या खडकांवर चार जहाजे फुटली आणि हजाराहून अधिक माणसे गेली. १७१४ साली इंग्लंडच्या संसदेने कायदा करून इनाम लावले : वेस्ट इंडीजपर्यंतच्या सफरीत अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्यास वीस हजार पौंड.

अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटे, १२० सेकंद. सफर सहा आठवड्यांची धरली तर ४२ दिवस. भागा : दिवसाला तीन सेकंदांहूनही कमी चूक. त्या काळी खिशातले घड्याळ दिवसात मिनिटभर इकडेतिकडे गेले तर कोणी तक्रार करत नसे.

हे जॉन हॅरिसनने साधले. तो सुताराचा मुलगा, स्वतःही सुतार. कॉलेजचे तोंड न पाहिलेला. पहिली तीन घड्याळे त्याने मोठी, पेटाऱ्यासारखी केली. चौथे मात्र तळहातावर मावेल असे, सुमारे पाच इंच रुंदीचे. ते घेऊन त्याचा मुलगा विल्यम १७६१ च्या अखेरीस जमैकाला निघाला. घड्याळ लावल्यापासून जमैकात ताडून पाहीपर्यंत ८१ दिवस गेले. जमैकाला पोचल्यावर पाहतात तो घड्याळ अवघे पाच सेकंद चुकले होते.

येथे जरा थांबा, कारण खरी गोम पुढे आहे. ते घड्याळ रोज बरोबर चालत होते असे नव्हे. ते रोज सुमारे २⅔ सेकंद मागे पडत होते, आणि हे निघण्यापूर्वीच मोजून ठेवले होते. ८१ दिवसांत २१६ सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटांहून जास्त. काटे दाखवत होते तीच वेळ खरी मानली असती तर ५४ कला, जवळजवळ एक अंश, चूक झाली असती. जमैकाच्या आसपास हे अंतर ९० किलोमीटरांवर जाते. अर्ध्या अंशाची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली असती. ठाऊक असलेली चाल हिशेबात धरली, आणि मग उरली ती चूक पाच सेकंदांची.

म्हणून कॅरॉलच्या प्रश्नाला उत्तर असे : दोन वर्षांतून एकदाच बरोबर असणारे घड्याळ चांगले, जर ते रोज न चुकता तेवढेच मागे पडत असेल तर. त्याच्यापाशी पाटीवरची उभी रेघ ओढता येते. बंद घड्याळापाशी डाव्या बाजूला लिहायला काही नसते. आज दहा सेकंद मागे, उद्या चार पुढे, परवा वीस मागे असे घड्याळ मात्र सरासरीने अगदी बरोबर असले तरी जहाज खडकावर नेईल. हॅरिसनला इनामासाठी पुढे फार झगडावे लागले. शेवटची रक्कम संसदेने १७७३ साली दिली तेव्हा तो ऐंशी वर्षांचा होता.

इथवर आपण पाटीच्या उजव्या बाजूला ‘खरा वेळ’ असे बिनदिक्कत लिहीत आलो. विसाव्या शतकात या मथळ्यालाच धक्का बसला. १९०५ साली आइन्स्टाइनने दाखवले की एकमेकांच्या संदर्भात वेगाने जाणाऱ्या दोन उत्तम घड्याळांची चाल सारखी पडत नाही. आणि १९१५ पर्यंत त्याने हेही सिद्ध केले की पृथ्वीजवळचे घड्याळ उंचावरच्या घड्याळापेक्षा हळू चालते. बिघाड कोणातच नसतो. आपल्या आपल्या जागी दोन्ही खरी असतात.

ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी आण्विक घड्याळे घेऊन प्रवासी विमानांतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, एकदा पूर्वेकडून, एकदा पश्चिमेकडून. परतल्यावर जमिनीवरच्या घड्याळांशी ताडून पाहिले. पूर्वेकडे गेलेली ५९ नॅनोसेकंद मागे पडली होती आणि पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली होती. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग.

एवढ्याशा फरकाने कोणाचे काय अडते, असे वाटेल. मोबाइलवर नकाशा पाहून वाट काढता ना? तो नकाशा जीपीएसच्या उपग्रहांवरील घड्याळांवर चालतो. हे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात आणि उंचीमुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे पळतात. वजाबाकी करा : दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. ३८ ला ३०० ने गुणा, अकरा किलोमीटरांवर जाते. एका दिवसात अंतराच्या हिशेबात एवढा घोळ! १९७७ साली पहिले सीझियमचे घड्याळ अशा कामासाठी उपग्रहातून सोडले, तेव्हा त्याची चाल दुरुस्त करणारी जोडणी उपग्रहात ठेवली होती, पण पहिले वीसेक दिवस ती मुद्दाम बंद ठेवली. घड्याळ किती पळते ते पाहिले. गणिताच्या अगदी जवळचाच आकडा आला. मग जोडणी सुरू केली. आता ही घड्याळे जमिनीवर असतानाच तेवढी हळू लावून पाठवतात. हॅरिसनचा २⅔ सेकंदांचा हिशेब आणि हा हिशेब जातीने एकच आहेत. आपल्या देशाची ‘नाविक’ ही उपग्रहमालाही अशाच घड्याळांवर उभी आहे. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या तिच्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात प्रथमच स्वदेशी रुबिडियमचे आण्विक घड्याळ बसवले गेले.

शेवटी वर्गात घालण्याजोगे एक उदाहरण देतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. मुंबईच्या किनाऱ्यावर दोन घड्याळे एकदम लावली, एक लंबकाचे आणि एक आण्विक. दोन्ही कळसूबाईवर नेली. काय होईल?

लंबकाचे घड्याळ मागे पडेल. पृथ्वीच्या मध्यापासूनचे अंतर जेवढ्या हिश्शाने वाढते तेवढ्याच हिश्शाने झोक्याचा वेळ वाढतो. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरा. १६४६ मीटर हा तिचा सुमारे ३८७१ वा भाग. ८६,४०० भागिले ३८७१, दिवसाला २२ सेकंद. डोंगर स्वतः लंबकाला थोडा खाली ओढतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून काहीसा कमी येईल.

आण्विक घड्याळ उलट पुढे जाईल, दिवसाला सुमारे १५ नॅनोसेकंद. एकाच शिखरावर एक मागे, एक पुढे! मुले विचारतील की यांतले खरे कोणते. लंबक मागे पडतो कारण त्याला खाली ओढणारे बळ कमी झाले. त्याची चाल त्या बळावर टांगलेली आहे. तेथे गोळा वर घेऊन त्याला सुधारता येते. आण्विक घड्याळात सुधारण्यासारखे काही बिघडलेलेच नसते. शिखरावर राहणाऱ्या माणसाची नाडी, त्याच्या चुलीवरचा भात, त्याच्या डोक्यातले पिकणारे केस, सगळेच किनाऱ्यापेक्षा तेवढ्या चालीने पुढे जात असते. ऐंशी वर्षे कळसूबाईवर काढली तर खालच्या माणसापेक्षा तो किती म्हातारा होईल ते मुलांकडून काढून घ्या. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहून थोडे कमीच भरते.